'सामना' की 'सिंहासन'?

दोन्ही चित्रपट जब्बार पटेल यांचे, पटकथा विजय तेंडुलकरांची, विषय सत्ता. म्हणूनच आवडत्या मराठी चित्रपटांच्या यादीत या दोघांत वाद होतोच.

'सामना'त साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव (निळू फुले) आणि गावात येऊन पडलेला दारुडा मास्तर (श्रीराम लागू) समोरासमोर येतात. मारुती कांबळेचं काय झालं, हा एकच प्रश्न सगळा चित्रपट ओढून नेतो. पात्रं थोडी, धागा सरळ. पहिल्यांदा बघणाऱ्याला इथूनच सुरुवात करायला सांगावं. भास्कर चंदावरकरांचं संगीतही प्रसंगाच्या आत राहतं. १९७५ मध्ये तो बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता.

'सिंहासन' (१९७९) अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्यांवर उभा आहे. मंत्री, कामगार पुढारी, तस्कर, पत्रकार अशी गर्दी. पहिल्या अर्ध्या तासात नावं निसटली की पुढचे डाव कळत नाहीत आणि प्रेक्षक 'संथ आहे' म्हणून उठतो. मुख्यमंत्री जिवाजीराव (अरुण सरनाईक), अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे (लागू) आणि पत्रकार दिगू टिपणीस (फुले) हे तिघे आधी डोक्यात ठेवा. बाकीचे आपोआप लागतात.

खरी मजा भूमिकांच्या अदलाबदलीत आहे. पहिल्यात सत्ता फुलेंकडे आणि प्रश्न लागूंकडे. दुसऱ्यात लागू खुर्चीमागे, फुले नुसते साक्षीदार. म्हणून याच क्रमाने, जवळजवळ पाहावेत.

अभिनयासाठी 'सामना'. पण पुन्हापुन्हा पाहायला 'सिंहासन', कारण दर खेपेला त्यात एखादा नवा डाव सापडतो.