लांबी कमी-जास्त होणारा मोजणीचा पुशरॉड : अ‍ॅम्बेसेडरच्या इंजिनावर कितपत कामाचा?

१४८९ सीसी पेट्रोल इंजिनाच्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये जास्त लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह अधिक उघडणारा कॅमशाफ्ट बसवायचा झाल्यास पुशरॉडची (कॅमची हालचाल वर रॉकरपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यापर्यंत नेणाऱ्या काडीची) लांबी नव्याने मोजावी लागते. त्यासाठी मागवलेल्या एका साधनाचे हे परीक्षण आहे. दोन तुकड्यांचा, आट्यांवर फिरवून लांबवता येणारा एक पुशरॉड, त्याचा लॉकनट आणि दोन हलक्या स्प्रिंगा एवढाच ऐवज साध्या खोक्यातून घरी आला. खोक्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते. आटे मात्र घट्ट आणि स्वच्छ कापलेले आहेत. इंचाला २० आटे असल्याने एका पूर्ण फेऱ्यात लांबी १.२७ मिलिमीटरने बदलते, म्हणजे पाव फेरा साधारण ०.३२ मिलिमीटरचा होतो. या कामाला एवढी बारकाई पुरेशी आहे.

मूळ लांबीचे पुशरॉड तसेच का चालत नाहीत, हे आधी पाहू. आपल्याकडे असा कॅमशाफ्ट बहुधा जुनाच घासून तयार केला जातो. लिफ्ट वाढवण्यासाठी कॅमचे मूळ वर्तुळ (उंचवटा सोडून उरणारा गोल भाग) लहान करावे लागते आणि त्या वर्तुळाची त्रिज्या जेवढी घटेल तेवढे टॅपेट (कॅमवर टेकणारा, पुशरॉड उचलणारा भाग) खाली बसते, त्यामुळे पुशरॉड तितकाच लांब हवा. याउलट हेड घासून घेतले असेल किंवा पातळ गॅसकेट टाकले असेल, तर रॉकर ब्लॉकच्या जवळ येतो आणि पुशरॉड आखूड हवा. एकाच इंजिनात ही दोन्ही कामे झालेली असतात आणि हेड आधी कितीदा घासले गेले याचा हिशेब कोणाकडेच नसतो, म्हणून कागदावरच्या आकड्यापेक्षा इंजिनावर मोजलेली लांबीच ग्राह्य धरावी लागते.

साधनाची पहिली अडचण टोकांची आहे. हे साधन अमेरिकी व्ही-८ इंजिनांसाठी बनवलेले असून त्याची दोन्ही टोके गोळीची आहेत. अ‍ॅम्बेसेडरच्या पुशरॉडला खाली गोळी आणि वर वाटी असते; रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट जुळवणाऱ्या, रॉकरवरच्या स्क्रूची गोळी त्या वाटीत बसते. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत यंत्रमागाचे भाग करणाऱ्या एका लेथवाल्या मिस्त्रींनी भंगारातल्या पुशरॉडची वाटी कापून ती साधनाच्या वरच्या तुकड्यावर सफाईने बसवून दिली. मागावरचे कॅम रोज हाताळणाऱ्या माणसाला मूळ वर्तुळ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही, हा सोलापुरात राहण्याचा एक फायदाच म्हणायचा.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे आणि ती सोबतच्या माहितीपत्रकात आहे. व्हॉल्व्हच्या टोकाला शाई लावा, इंजिन हाताने फिरवा आणि शाईवरचा घासल्याचा पट्टा अरुंद व मध्यभागी येईपर्यंत पुशरॉडची लांबी बदलत राहा, असे ते पत्रक सांगते. प्रत्येक रॉकर स्वतंत्र स्टडवर बसतो त्या इंजिनांत हे बरोबर आहे, कारण तेथे पुशरॉड लांब केला की रॉकरचा टेकूच वर सरकतो. अ‍ॅम्बेसेडरचे सगळे रॉकर एकाच शाफ्टवर असतात आणि त्या शाफ्टची उंची ठरलेली असते. पुशरॉड कितीही लांब-आखूड केला तरी रॉकरचा स्क्रू फिरवून फट जुळवली की व्हॉल्व्हवरचा पट्टा होता तेथेच उमटतो. पट्टा फारच कडेला येत असेल, तर शाफ्टच्या चारही पायांखाली सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून शाफ्ट उचलावा लागतो. ज्या पायातून तेल वर येते, त्याखालच्या पट्टीला भोक ठेवणे अर्थातच आवश्यक आहे. शाफ्ट उचलला की पुशरॉडही पट्टीच्या जाडीहून अधिक लांब लागतो, म्हणून आधी पट्ट्या आणि मग मोजणी हाच क्रम ठेवावा. माहितीपत्रकात याविषयी अवाक्षर नाही.

मग या इंजिनात लांबी ठरवायची कशावरून? रॉकरच्या स्क्रूवरून. स्क्रू रॉकरच्या खाली फार लोंबत राहिला तर त्याच्यावर वाकवणारा ताण येतो, आणि पूर्ण वर गेला तर वाटीची कड रॉकरला घासू शकते. त्यामुळे स्क्रूचे एक-दोन आटेच खाली दिसतील अशा स्थितीत तो ठेवून साधनाची लांबी फट शून्य होईपर्यंत वाढवावी. त्या वेळी टॅपेट कॅमच्या मूळ वर्तुळावर असले पाहिजे. त्यासाठी नवाचा जुना नियम (दोन व्हॉल्व्हच्या क्रमांकांची बेरीज नऊ) सोपा पडतो : आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिला मोजावा, सातवा उघडा असताना दुसरा. इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हींवर मोजणे चांगले. नंतर पूर्ण लिफ्टपर्यंत फिरवून पुशरॉड हेडच्या भोकाला कोठे लागत नाही ना, हेही पाहून घ्यावे. साधन बाहेर काढल्यावर वाटीत योग्य मापाची गोळी ठेवून व्हर्नियरने मोजावे आणि गोळीचा व्यास वजा करावा. वाटीच्या कडेपासून मोजल्यास येणारी लांबी निरुपयोगी असते.

लॉकनट पातळ आहे आणि साधन बाहेर काढताना सरकतो, म्हणून मोजणी झाल्यावर आट्यांवर मार्करने खूण करणे बरे. सोबतच्या हलक्या स्प्रिंगा चांगल्या आहेत. मूळ व्हॉल्व्ह स्प्रिंग ठेवून या साधनावर पूर्ण लिफ्ट घेतल्यास आट्यांवर नको तेवढा भार येतो, आणि इंजिन सुरू करण्यासाठी तर हे साधन मुळीच नाही.

किंमत एका बऱ्या डायल गेजपेक्षा कमी पडते. तरीही केवळ अ‍ॅम्बेसेडरसाठी घेणार असाल तर माझा सल्ला वेगळा आहे : दोन भंगार पुशरॉड लेथवाल्याकडे न्यावेत आणि मध्ये एम-६चे आटे पाडून घ्यावेत. एका फेऱ्याला नेमका १ मिलिमीटर मिळतो, दोन्ही टोके मूळचीच राहतात आणि टोकांची सगळी कटकट वाचते. युनिट कन्स्ट्रक्शन इंजिनाच्या (इंजिन व गिअरबॉक्स एकाच कवचात असलेल्या) बुलेटवर हे वापरू पाहणाऱ्यांनी मात्र तेथील टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर फट आपोआप भरून काढणारे आहेत हे लक्षात घ्यावे. शून्य फटीला मिळालेल्या लांबीत टॅपेटच्या आतला प्लंजर जेवढा दाबलेला राहायला हवा तेवढे ठरलेले अंतर मिळवूनच पुशरॉडची मागणी नोंदवावी लागते.