चर्चच्या अंगणातला शांतिस्तंभ: तयार घ्यावा की नुसत्या पट्ट्या?

अमेरिकेतल्या अनेक चर्चच्या हिरवळीवर एक चौकोनी खांब दिसतो. चार बाजूंना चार भाषा, वाक्य एकच: ‘पृथ्वीवर शांती नांदो’. जपानच्या मासाहिसा गोई यांनी १९५५ मध्ये हा संदेश दिला, १९७६ पासून तो खांबांवर आला आणि आज जगभर असे दोन लाखांहून अधिक खांब उभे आहेत. संदेशात कुठल्याच धर्माचं नाव नाही, ही त्याची खरी ताकद.

तयार खांब साधारण ८ फुटी, सिडारच्या लाकडाचा, संदेश लिहिलेल्या पट्ट्या लावूनच येतो. देखणा असतो, पण एवढ्या लांब पार्सलचं भाडं जड जातं. आमच्या मते नुसत्या पट्ट्या मागवून सिडार जवळच्या लाकडाच्या दुकानातून घ्यावं. ४ बाय ४ म्हणून विकलं जाणारं लाकूड प्रत्यक्षात साडेतीन इंचीच भरतं, त्यामुळे पट्टी ३ इंचांहून रुंद नको. स्क्रू स्टेनलेसचेच घ्या. साध्या लोखंडाशी सिडारमधल्या टॅनिनची प्रक्रिया होऊन अक्षरांखाली काळे ओघळ येतात.

खांब कुजतो तो जमिनीलगत. खणण्याआधी काही दिवस ८११ ला फोन करून गॅस-विजेच्या लाइन आखून घ्या, ते फुकट असतं. खड्डा १० इंच रुंद, ३० इंच खोल. तळाशी ६ इंच खडी, आणि खांबाचं बूड थेट खडीवर टेका. बुडाखाली काँक्रीट गेलं तर वाटी तयार होते, पाणी तिथेच साचतं. भोवती ६० पौंडी काँक्रीटच्या दोन बॅगा पुरतात. वरचा थर जमिनीच्या किंचित वर आणून बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा. मिशिगन-मिनेसोटाकडे मात्र जमीन जिथवर गोठते त्याच्याही खाली जावं लागतं, नाहीतर एक-दोन हिवाळ्यांत खांब कलतो. मग लांब लाकूड घ्या, काँक्रीटही वाढवा. माथ्यावर टोपी हवीच, कारण लाकडाचा कापलेला छेद सगळ्यात जास्त पाणी पितो. पार्किंगच्या कडेला खांब नको, बर्फ ढकलणारी गाडी मिठाळ ढीग तिथेच लावते. स्प्रिंकलरच्या टप्प्यातही नको.

चर्चच्या हॉलमध्ये मराठी शाळा भरत असेल, तर एक बाजू मराठीला जरूर मागावी. इथे मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. देवनागरी न समजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पृथ्वी’चं जोडाक्षर फुटून मध्ये पाय मोडलेला ‘थ’ उरतो, ‘नांदो’वरचा अनुस्वार सरकतो, आणि कापणाऱ्याला त्यात काहीच वावगं दिसत नाही. मजकूर टाइप करून ईमेलने पाठवू नका. कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांच्या जागी त्यांचे आकारच असलेली फाइल द्या आणि पट्टी कापण्याआधी नमुन्याचं चित्र मागवून मराठी वाचणाऱ्या दोघांना दाखवा.