घरी बोलावं की समुपदेशकाकडे न्यावं?

मार्च 2020 नंतर कोरोनामुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा जगभरात 150 कोटींहून अधिक विद्यार्थी घरी बसले. शाळा पुन्हा उघडल्या, पण काही मुलं मनाने घरातच राहिली. अशा वेळी पालकांपुढे दोन वाटा असतात.

पहिली घरातली. झोपेची-जेवणाची वेळ ठरलेली, बातम्यांचा मारा कमी, आणि रोज थोडा वेळ फक्त मुलासाठी. समोर बसवून ‘काय होतंय तुला?’ विचारलं की मूल गप्प होतं. तेच कपड्यांच्या घड्या घालताना शेजारी बसलं की हळूच विचारतं, ‘आजी पण मरणार का?’ त्यावर ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करू नका. खरं तेच, त्याला झेपेल इतकं सांगा. मोठं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, आईला चिकटून राहिलं, तरी बहुतेकदा एवढ्यावर भागतं. रागावणं मात्र नको.

दुसरी वाट समुपदेशकाची. वेळ आणि पैसा लागतो, शिवाय ‘लोक काय म्हणतील’ आहेच (ते खुशाल म्हणोत). लहानांशी तिथे खेळातून, चित्रांतून बोलतात. व्हिडिओ कॉलवर किशोरवयीन मुलं रमतात, पाच वर्षांचं पोर खुर्चीवरून कधीच उतरलेलं असतं.

माझा कल आधी घराकडे. पण हात धुऊन धुऊन कातडी सोलली, दोन आठवडे झोप किंवा जेवण बिघडलं, घरातलं कुणी गेल्यावर मूल बोलेनासंच झालं, तर थांबू नका. मरणाची भाषा आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.