विकिमीडिया कॉमन्स : छायाचित्राबरोबर श्रेयही सांभाळणारा संग्रह
दिवाळी अंकासाठी किंवा गडकिल्ल्यांवरच्या पुस्तकासाठी छायाचित्रे शोधणाऱ्यांना २००४ साली सुरू झालेला विकिमीडिया कॉमन्स हा विकिपीडियाचा सहप्रकल्प असलेला संग्रह मी आवर्जून सुचवेन, कारण इथे छायाचित्र विनामूल्य मिळते आणि तरीही छायाचित्रकार बेदखल होत नाही. प्रत्येक छायाचित्राच्या पानावर ते कोणी टिपले आणि कोणत्या परवान्याखाली दिले याची नोंद असते. 'सीसी बाय-एसए' (श्रेय देऊन आणि त्याच अटींवर वापरू देणारा क्रिएटिव्ह कॉमन्सचा) परवाना असेल, तर छायाचित्रकाराचे नाव, परवान्याचा उल्लेख आणि आपण केलेले बदल नमूद करणे बंधनकारक ठरते. श्रेयाची ओळही तयार मिळते, ती उचलून छायाचित्राखाली टाकायची. अनस्प्लॅश या विनामूल्य छायाचित्रांच्या संकेतस्थळावर श्रेय देणे ऐच्छिक असल्यामुळे ही शिस्त तिथे राहत नाही. कॉमन्सची उणीव एवढीच, की अनेकजण टोपणनावाने छायाचित्रे चढवतात आणि मग तेच नाव छापावे लागते.

इतकी सोय असूनही 'छायाचित्र : विकिपीडिया' एवढेच छापून मोकळे होणाऱ्या संपादकांचा मला मनापासून राग येतो. राजगडावरचा सूर्योदय विकिपीडियाने नव्हे, अंधारात गड चढलेल्या माणसाने टिपलेला असतो. आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ तर हक्क विकल्यानंतरही कर्तेपण सांगण्याचा अधिकार त्याच्याकडेच ठेवते.