सवयी लावायच्या असतील तर भिंतीवरचं कालनिर्णय घ्या

रोजच्या सवयी लावायला, दिवसाकडे जरा लक्ष देऊन बघायला काय वापरू, असं ऑफिसातल्या मुली मला विचारतात. मी ॲप सुचवत नाही. मोठं कालनिर्णय आणा, असं सांगते. दिवाळीच्या सुमाराला पेपरवाल्याकडे मिळायला लागतं. आमच्या सांगलीच्या घरात ते स्वयंपाकघराच्या दाराशेजारी टांगलेलं असतं आणि त्याच खिळ्याला दोऱ्याने एक बॉलपेन बांधलेलं असतं. मी पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं त्या पेनावर अवलंबून आहे. पेन शोधायला उठावं लागलं की लिहिणं आठवड्याभरात बंद पडतं.

जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली हे सुरू केलं. तिथी, नक्षत्र, सण, सूर्योदय हे सगळं तारखेच्या चौकटीत आलं आणि पंचांग कुणालाही उभ्या उभ्या बघता यायला लागलं. पण घराघरातल्या बायकांनी त्याची त्याहून मोठी वही केली. आमच्या सासूबाई दूध जास्त घेतलं की लिहायच्या, गॅस लावल्याची तारीख लिहायच्या, भांडीवाल्या मावशींचे खाडे मांडायच्या. मी त्यातच माझी भर घातली. सकाळी फिरून आले की बरोबरची खूण. सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, उपाशीपोटीची साखर. आणि रात्री ओटा पुसून झाला की दिवसाबद्दल चार-पाच शब्द. ‘आत्याशी पोटभर बोलले.’ ‘राग आला, थांबले.’ ‘धाकटीने स्वतः वेणी घातली.’

चार-पाचच शब्द, कारण जागाच तेवढी आहे. चौकटीतला बराच भाग छपाईने व्यापलेला असतो. मला हा त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. कोरी डायरी पानभर लिहायला सांगते, आणि दमून आलेल्या माणसाकडून ते होत नाही. इथे दिवसातलं एकच काहीतरी निवडावं लागतं. त्या निवडीसाठी पोळ्या लाटतानाच मनात दिवस चाळला जातो.

दुसरी गोष्ट मांडणीची. यात वारांची नावं डावीकडे एकाखाली एक असतात आणि तारखा वरून खाली जातात. त्यामुळे महिन्यातले सगळे मंगळवार एका आडव्या ओळीत येतात. फिरण्याच्या खुणा बघताना मंगळवारची ओळ जवळजवळ रिकामी दिसली. त्या दिवशी थोरलीचा सकाळचा क्लास असतो आणि डब्यांची घाई होते. मंगळवारचं फिरणं संध्याकाळवर नेलं आणि ओळ भरायला लागली. फोनमधल्या आलेखापेक्षा हे मला फार लवकर कळलं, कारण पाणी प्यायला गेलं तरी नजर तिथेच जाते.

घरातल्या सगळ्यांचीच जाते. अण्णा पावसाळ्यात त्याच चौकटींत कृष्णेची आयर्विन पुलाजवळची पातळी लिहितात. सांगलीत इशारा ४० फुटांना आणि धोका ४५ फुटांना, हे पोरांनाही पाठ असतं. २०१९च्या ऑगस्टचं, महापुराचं पान त्यांनी जपून ठेवलंय. आपल्या माणसाला कशाची काळजी लागून आहे, हे त्या आकड्यांवरून मला समजतं. कधी माझ्या ओळीखाली यांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, अक्षरात उत्तर लिहिलेलं असतं. बोलायचं राहून गेलेलं बरंच काही आमच्यात असं पोचलं आहे.

अर्थात जे सगळ्यांना दिसतं त्यात मनातलं सगळं लिहिता येत नाही. खोल दुखणं असेल तर वेगळी वही हवी, तिथे भिंत उपयोगाची नाही. एकट्या राहणाऱ्या माणसाला ही अडचण नाही, पण खाली उत्तर लिहिणारंही कुणी नाही. पानांच्या मागचे लेख आणि पाककृती मी आवडीने वाचते, राशिभविष्य सोडून देते.

पंचांग न मानणाऱ्यांनीही तिथीकडे बघावं, असं मी मनापासून सांगेन. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ दिलेली असते. उपास कुणाचाही असो, त्या वेळी आम्ही सगळे गच्चीवर जातो. २०२६मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. म्हणून २०२५ला २७ ऑगस्टला आलेले गणपती २०२६ला १४ सप्टेंबरला. धाकटीने ‘असं का?’ विचारलं, तेव्हा चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असतं आणि ती तूट अधिक महिना भरून काढतो, हे तिला त्याच पानांवर बोट ठेवून दाखवता आलं.

घेताना मोठंच घ्या. लहान आवृत्त्या टेबलावर छान दिसतात, पण त्यात लिहायला जागा उरत नाही. शाईचं पेन नको, साधं बॉलपेन बांधा. आणि खिळा घरातल्या सगळ्यात लहान मुलाचा हात पोचेल इतक्या उंचीवर मारा.