थेरपी केंद्रात की घरात?

बाळाला कमी ऐकू येतं हे कळलं की प्रश्न पडतो: थेरपिस्टकडे नेत राहायचं, की आपणच शिकायचं?

केंद्रात तज्ज्ञ असतात, श्रवणयंत्राची तपासणी नीट होते. शिवाय कान वाढतो तसा यंत्राचा मोल्ड, म्हणजे कानात बसणारा भाग, पुन्हा पुन्हा बदलावा लागतो, ते घरी जमणारं काम नाही. पण तिथे मिळतात आठवड्याचे एक-दोन तास.

कुटुंबकेंद्री पद्धतीत थेरपिस्ट बाळापेक्षा आई-बाबांना, आजीला जास्त शिकवतात. मोजे घालताना आपला चेहरा बाळासमोर आणायचा. त्याने पाहिलं की मोजा दाखवून शब्द म्हणायचा किंवा खूण करायची, आणि थांबायचं. हे थांबणंच अवघड! आपण घाईने पुढचं वाक्य बोलून मोकळे होतो आणि बाळाची पाळी हुकते.

माझा कौल घराला. वयाच्या १ महिन्यापर्यंत ऐकण्याची चाचणी, ३ महिन्यांपर्यंत निदान, ६ महिन्यांपर्यंत मदत, हा १-३-६ नियम आहे तो भाषेची सुरुवातीची वर्षं वाया जाऊ नयेत म्हणून. आणि ती वर्षं घरातच जातात. सांकेतिक भाषा, बोलायची भाषा की दोन्ही, हेही घरच्यांनीच ठरवावं.

एक मात्र खटकतं. ‘कुटुंब’ म्हणताना सगळा भार आईवर पडतो. सेशनला बाबांनीही बसायला हवं.