‘स्पोर्ट्स गाडी आहे काका, कडकच चालणार’

आधीच सांगतो, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या पीथमपूरच्या कारखान्यात मी 22 वर्षं काढली आहेत. त्यामुळे ‘मला काय कळतं त्यातलं’ म्हणायची सोय नाही. तरी जुनी गाडी घेताना फसलो. हे कोणाला सांगणारही नव्हतो. पण परवा आमच्या राजेंद्रनगरातलेच एक गृहस्थ मला गाडी विकणाऱ्या त्याच माणसाला टोकन द्यायला निघाले होते, म्हणून लिहितोय.

गाडी बीएमडब्ल्यू 320डी, 2015 ची, दिल्ली पासिंग. दिल्लीत 10 वर्षांवरची डिझेल गाडी ठेवायची पंचाईत होती, म्हणून तिकडचा माल इंदुरात कसा उतरतो आणि मधे कोण किती खातं, हे तुम्हाला माहीत आहेच. सौदा 8,75,000 ला ठरला. टोकन 21,000. एकूण रकमेतले 1,50,000 त्याने रोख मागितले. मी दिले आणि पावती घेतली 7,25,000 ची. यावर मला कोणी शिकवू नका, बायकोने पुरेसं शिकवून झालंय. रोखीला नाही म्हणालो असतो तर गाडी दुसऱ्या दिवशी देवासच्या गिऱ्हाइकाला गेली असती, असं तेव्हा वाटलं. देवासचं गिऱ्हाईक होतं की नव्हतं, देव जाणे.

विकणारा चांगलं मराठी बोलतो. इथे आयुष्य गेलेल्यांना कळेल मी काय म्हणतोय ते. दिवसभर इंदुरी ‘भिया, भिया’ (म्हणजे भैया) ऐकल्यावर कोणी ‘काका, बसा, चहा घेणार ना?’ म्हटलं की आपण निम्मे विरघळतो. त्याने माझं आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं, आईच्या पाया पडला. पाया पडणारा डीलर दिसला की पाकीट आतल्या खिशात ठेवा.

टेस्ट ड्राइव्ह त्यानेच ठरवली, संध्याकाळी, सुपर कॉरिडॉरवर. टीसीएस, इन्फोसिसच्या समोरचा तो सरळसोट रस्ता. तिथे बैलगाडीसुद्धा मर्सिडीजसारखी चालेल. परतताना म्हटलं, गांधीनगरच्या आतल्या रस्त्याने घेऊ, खड्ड्यांत बघू. तर म्हणाला, ‘काका, आत्ता फार ट्रॅफिक असतं, उशीर होईल.’ मी मान डोलावली. 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक असलेलं नॅट्रॅक्स हे गाड्या तपासायचं केंद्र ज्या पीथमपुरात आहे तिथे नोकरी करणारा मी, आणि गाडी पारखली गुळगुळीत रस्त्यावर 15 मिनिटं.

पण खरी वेळ ती नव्हती. खरी वेळ आधीच येऊन गेली होती. गाडी सुरू केल्याबरोबर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला होता, घोड्याच्या नालेसारखं चिन्ह आणि आत उद्गारचिन्ह. बायको मागून म्हणाली, ‘अहो, हा दिवा कसला?’ त्याने मागे वळून हसून सांगितलं, ‘वहिनी, कालच हवा भरली, रीसेट करायचं राहिलं.’ माझ्या डोळ्यांदेखत मेनूत जाऊन त्याने रीसेट केलं. थोडं पुढे जाईपर्यंत दिवा गायब. आणि मी, मी बायकोला म्हणालो, ‘तू जरा गप्प बस, त्याला कळतं.’

अहो, रीसेट म्हणजे काय? टायरात आत्ता जेवढी हवा आहे तेवढीच बरोबर, असं गाडीला सांगणं. कमी असली तरी. हे मला माहीत होतं! कारखान्यात पोरांना मी हेच शिकवतो, मोजमापाचा शून्यच चुकला तर पुढचं सगळं चुकतं.

दोन दिवसांनी पंपावर हवा बघितली. दाराच्या चौकटीवर जो आकडा लिहिलेला असतो त्यापेक्षा चारही टायरांत 10 पीएसआय कमी. रनफ्लॅट टायर होते, त्यांच्या बाजू इतक्या जाड की हवा कमी असली तरी टायर बसलेला दिसत नाही. पंक्चर झाल्यावरही 80 च्या स्पीडने 80 किलोमीटर जाता यावं म्हणून ते तसेच बनवतात. हवा काढून त्याने गाडी मऊ केली होती. बरोबर हवा भरून घरी आलो तर गल्लीतल्या स्पीड ब्रेकरवर दात आपटले. आई मागे बसली होती. म्हणाली, ‘अरे, यापेक्षा महूचे टांगे बरे होते.’

फोन केला. उत्तर तेच, जे त्याने पहिल्या दिवशी दिलं होतं आणि जे मीही आठवडाभर आईला, बायकोला, शेजाऱ्यांना ऐकवत होतो: ‘स्पोर्ट्स गाडी आहे काका, कडकच चालणार.’ वर म्हणाला, फारच वाटत असेल तर माझ्या ओळखीच्या गॅरेजला दाखवा. आणि मी गेलो! तिथे नवे शॉकप (शॉक अब्सॉर्बर) म्हणून 34,500 घेतले. महिनाभरात डाव्या चाकाजवळ तेल दिसलं. शॉकपवर नखाने खरवडलं तर काळा रंग सोलून खाली जुना गंजका पत्रा. जुनेच, तेल भरून रंगवलेले.

मग भावाच्या ओळखीच्या मेस्त्रीकडे गाडी लिफ्टवर चढवली. मागच्या डाव्या स्प्रिंगचा खालचा वेढा तुटून गेलेला. एक कोपरा खाली बसलेला दिसू नये म्हणून वरच्या वेढ्यांमध्ये रबराचे बफर कोंबलेले. म्हणजे स्प्रिंगला दबायला जागाच नाही, खड्डा सरळ पाठीच्या मणक्यात. बंप स्टॉपचा, म्हणजे शेवटचा दणका झेलणाऱ्या ठोकळ्याचा, भुगा झालेला. दोन टायरांवर चार आकडे 1416, म्हणजे 2016 चा 14 वा आठवडा. मीटरवर 61,000 किलोमीटर होते. चेसिस नंबरवरून सर्व्हिसची नोंद काढली तर 2021 सालीच 1,18,400. ही नोंद पैसे देण्याआधीही मिळते. लिफ्टवर चढवायचे मेस्त्रीने 500 घेतले. ते 500 मी आधी खर्च केले नाहीत.

शॉकप, स्प्रिंगा, बुश, माउंट मिळून 1,27,300. साधे ट्यूबलेस टायर 43,200. आधीचे 34,500 धरून वरचा खर्च 2,05,000. गाडी आता छान चालते, हे कबूल करायलाही राग येतो. तिच्यात मुळात खोट नव्हती. (साधे टायर टाकले तर डिकीत हवेचा पंप आणि पंक्चर किट ठेवा, माझ्या गाडीत स्टेपनी नव्हती.)

पोलिसांत गेलो. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी होते, पण बंदोबस्ताला निघाले होते. तिसऱ्या खेपेला हवालदाराने पावती वाचली. खाली बारीक अक्षरांत ‘जहाँ है, जैसी है’ छापलेलं, त्यावर माझी सही. ‘ये तो सिविल मैटर है.’ मी तुटकी स्प्रिंग टेबलावर ठेवली. त्याने उचलून बघितली आणि म्हणाला, ‘स्पोर्ट्स गाड़ी तो कड़क ही चलती है न, सर?’ मला वाटलं, माझ्या कानाला काहीतरी झालंय. अर्ज घेतला, पण पोच मिळाली नाही. पोच मागितली तर ‘भरोसा नहीं है क्या?’ नाही, नाही भरवसा! एका हेल्पलाइनवर तक्रार टाकली. आठ दिवसांनी फोन आला, गाडी चालू आहे का? मी म्हटलं, चालू आहे, पण... ‘पण’ कोणी ऐकलंच नाही. संध्याकाळी मेसेज आला, तक्रारीचं समाधानकारक निराकरण झालं आहे. कोणाचं समाधान झालं, तेवढं तरी कळवा.

जुन्या गाड्यांच्या डीलरला 1 एप्रिल 2023 पासून आरटीओचं अधिकारपत्र लागतं, फॉर्म 29बी. गाडी त्याच्या ताब्यात आली की 29सी भरून कळवावं लागतं. याच्याकडे दोन्ही नाही. दिल्लीच्या मालकाने सही केलेले, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे कोरे फॉर्म 29 आणि 30 तेवढे होते. ‘मी फक्त ओळख करून दिली’ असं तो आता म्हणतो. तेव्हा 29बी बघितल्याशिवाय बसूही नका. पैसे आरसीवर ज्याचं नाव त्याच्याच खात्यात टाका. खिशात हवा मोजायचा गेज ठेवा, शे-दोनशेला मिळतो. रस्ता तुम्ही निवडा. बोनेटचा कोपरा दाबून सोडा, एकदा वर येऊन थांबला पाहिजे, डोलत राहिला तर निघून या.

ग्राहक आयोगात ऑनलाइन अर्ज केलाय. 5 ते 10 लाखांच्या मालाला फी फक्त 200 रुपये, हे मला आधी कोणी सांगितलं नाही. मुदत दोन वर्षांची असते. पुरावा म्हणून स्प्रिंगही घेऊन गेलो होतो. तिथला बाबू म्हणाला, ‘फोटो लगाइए, सामान घर ले जाइए.’ ती परत आणली. बायकोने आता गॅलरीच्या दाराला लावून ठेवली आहे, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून.